हेलिकल अँटेनाचे रेडिएशन मोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तार गुंडाळून केलेल्या, म्हणजे हेलिकल अँटेनाबद्दल नवे हॅम (हौशी रेडिओ चालवणारे) जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर एकाच गुणोत्तरात असतं: एका वेढ्याचा परीघ भागिले तरंगलांबी. हा आकडा समजला की हँडहेल्डवरचा (हातातल्या रेडिओवरचा) बोटभर रबरी अँटेना आणि उपग्रहाकडे रोखलेली सव्वा मीटर लांब कॉइल एकाच कुटुंबातली का, आणि तरीही त्यांचं वागणं इतकं निराळं का, ते आपोआप उलगडतं.

रेडिएशन मोड म्हणजे नेमकं काय?

अँटेना आपली ऊर्जा कोणत्या दिशेने आणि कोणत्या ध्रुवीकरणाने (लहरीचं विद्युत क्षेत्र उभं, आडवं की गोल फिरतं, त्याने) बाहेर टाकतो, त्याची पद्धत म्हणजे मोड. हेलिकल अँटेनाचे दोन मोड हॅमच्या रोजच्या कामाचे आहेत. नॉर्मल मोडमध्ये तो कॉइलच्या अक्षाला काटकोनात, चहूबाजूंना रेडिएट करतो आणि टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच पाठवत नाही. अ‍ॅक्सियल मोडमध्ये बरोबर उलट होतं. सगळा जोर अक्षाच्या दिशेने, उघड्या टोकातून बाहेर पडतो.

इथला ‘नॉर्मल’ म्हणजे ‘नेहमीचा’ नव्हे. भूमितीत लंबरेषेला नॉर्मल म्हणतात, तो हा शब्द. हा गैरसमज इतका पसरलाय की अ‍ॅक्सियल मोड म्हणजे काहीतरी अपवादात्मक प्रकार, असं मानून लोक त्याच्या वाटेलाच जात नाहीत. प्रत्यक्षात घरी बनवायला अ‍ॅक्सियल हेलिक्सच जास्त सोपा आहे.

आकार तोच, मग वागणं का बदलतं?

एक वेढा डोळ्यांसमोर आणा. त्याचा परीघ तरंगलांबीच्या मानाने अगदी छोटा असेल, तर कोणत्याही क्षणी त्या वेढ्यात सगळीकडे प्रवाह जवळपास सारखाच असतो. वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना तारेची दिशा मात्र उलटी असते, त्यामुळे अक्षावर उभं राहून पाहिलं तर दोन्हींचे परिणाम एकमेकांना खोडून टाकतात. शिल्लक राहतो तो एक छोटा लूप आणि त्याच्या जोडीला कॉइलच्या उंचीएवढा आखूड डायपोल (सरळ तारेचा साधा अँटेना). अक्षाच्या दिशेला दोघांचंही रेडिएशन शून्य असतं. हा झाला नॉर्मल मोड.

आता परीघ वाढवत वाढवत एका तरंगलांबीएवढा करा. प्रवाहाची लाट अर्धा वेढा पार करते तेव्हा ती अर्ध्या तरंगलांबीने मागे पडलेली असते, म्हणजे प्रवाहाची दिशा उलटलेली असते. तारेची दिशाही तिथे उलटी आहेच. उलट्याचं उलट सुलट! मघाशी एकमेकांना खोडणाऱ्या दोन बाजू आता अक्षावर एकमेकांना साथ देऊ लागतात. शिवाय लाट वेढ्यावरून फिरत जाते तसं विद्युत क्षेत्रही गोल फिरत जातं, म्हणून बाहेर पडणारी लहर वर्तुळाकार ध्रुवीकरणाची, म्हणजे सर्क्युलर असते. तारेवरून जाणारी लाट प्रकाशापेक्षा थोडी हळू, साधारण ०.८ पट वेगाने चालते. एका वेढ्याकडून दुसऱ्याकडे जाताना पडणारा हा फरक असा जुळून येतो की सगळ्या वेढ्यांची बेरीज पुढच्या दिशेला होते. फ्रिक्वेन्सी थोडी हलली तर लाटेचा वेगही त्याप्रमाणे बदलतो आणि जुळणी टिकून राहते. तारेच्या एका साध्या वेटोळ्याने स्वतःला असं सांभाळून घ्यावं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

परीघ तरंगलांबीच्या ०.७५ पट ते १.३३ पट असेपर्यंत अ‍ॅक्सियल मोड टिकतो. म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला हेलिक्स ढोबळमानाने ३३० ते ५८० मेगाहर्ट्झपर्यंत काम देतो. मापात अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तर यागी (घराच्या छतावरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखा आडव्या दांड्यांचा अँटेना) रुसतो, हेलिक्स मनावर घेत नाही.

माझ्या हँडहेल्डवरचा रबर डक, म्हणजे तो रबरी अँटेना, कोणत्या मोडमध्ये चालतो?

नॉर्मल मोडमध्ये. निकामी झालेला एखादा रबर डक ब्लेडने उभा चिरून बघा. आत पेनातल्या स्प्रिंगसारखी पातळ, घट्ट कॉइल दिसेल. तिचा व्यास जेमतेम ८ मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ अडीच सेंटीमीटर. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी आहे २०७ सेंटीमीटर. गुणोत्तर सव्वा टक्क्याच्या आसपास, त्यामुळे अ‍ॅक्सियल मोडचा प्रश्नच उद्भवत नाही. कॉइलचं काम इथे एवढंच, की आखूड उंचीतही अँटेना रेझोनन्सवर, म्हणजे हव्या फ्रिक्वेन्सीच्या सुरात, यावा. गाडीवर लावायचे एचएफचे (३ ते ३० मेगाहर्ट्झचे) हेलिकल व्हिपही (काठीसारखे अँटेना) याच जातीचे.

मग तो इतका कमजोर का पडतो?

रेझोनन्स मिळाला म्हणून उंची वाढत नाही, आणि रेडिएशन रेझिस्टन्स (लहरींच्या रूपात बाहेर जाणारी पॉवर दाखवणारा रोध) उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. १५ सेंटीमीटरचा आखूड उभा अँटेना १४५ मेगाहर्ट्झवर, आदर्श ग्राउंडवर धरला तरी, दोन ते चार ओहमच रेडिएशन रेझिस्टन्स देतो. पूर्ण पाव तरंगलांबीचा व्हिप ३६ ओहमच्या आसपास देतो. कॉइलच्या बारीक तारेचा स्वतःचा रोध याच दोन-चार ओहमच्या शेजारी येऊन बसतो आणि पॉवरचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो. वर हँडहेल्डला धड ग्राउंडही नसतं. रेडिओची बॉडी आणि तो धरणारा हात, हेच त्याचं ग्राउंड.

उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. ४९ सेंटीमीटरची लवचिक तार कनेक्टरच्या बाहेरच्या, म्हणजे ग्राउंडच्या भागाला जोडून खाली लोंबती सोडा. रबर डक तोच राहू दे. रिपीटर (आपला सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) उघडत नव्हता तिथून तो उघडायला लागतो, हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय. पूर्ण पाव तरंगलांबीचा व्हिप लावलात तर त्याहून चांगलं.

नॉर्मल मोडमधून सर्क्युलर ध्रुवीकरण मिळू शकतं का?

मिळतं, पण एका अटीवर. लूपचा आणि छोट्या डायपोलचा हिस्सा समसमान व्हायला हवा. परिघाचा वर्ग म्हणजे वेढ्यांतलं अंतर गुणिले तरंगलांबी, त्याच्या दुप्पट, ही ती अट. हॅरल्ड व्हीलर यांनी ती १९४७ साली मांडली. १४५ मेगाहर्ट्झवर वेढ्यांतलं अंतर १ सेंटीमीटर धरलं तर व्यास साडेसहा सेंटीमीटर येतो. नेहमीचा रबर डक या अटीच्या जवळपासही नसतो, म्हणून तो उभ्या ध्रुवीकरणाचा समजून वापरला तरी चालतं.

अ‍ॅक्सियल मोड सापडला कसा?

१९४६ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबवर एक व्याख्यान झालं. त्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत एका लांब, बारीक हेलिक्समधून जातो. जॉन क्राउस श्रोत्यांत होते. हेलिक्सचा अँटेना म्हणून उपयोग होईल का, असं त्यांनी व्याख्यात्याला विचारलं. उत्तर मिळालं की करून पाहिलंय, चालत नाही. या ठाम नकारानेच क्राउस विचारात पडले. व्यास ट्यूबमधल्यापेक्षा मोठा घेतला तर कॉइलने काही ना काही रेडिएट करायलाच हवं! त्याच संध्याकाळी घराच्या तळघरात त्यांनी सात वेढ्यांची, एक तरंगलांबी परिघाची कॉइल गुंडाळली, तिच्यामागे धातूचा पत्रा लावला आणि १२ सेंटीमीटरच्या ऑसिलेटरने ती चालवली. उघड्या टोकातून सर्क्युलर ध्रुवीकरणाचा टोकदार झोत बाहेर पडत होता.

क्राउस स्वतः हॅम होते. डब्ल्यू८जेके हा त्यांचा कॉलसाइन (हॅमचं ओळखनाव), आणि त्याच नावाचा त्यांचा एचएफ अँटेनाही प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी ९६ हेलिक्स एकत्र जोडून रेडिओ दुर्बीण उभारली. आज जीपीएसचे उपग्रह पृथ्वीकडे सिग्नल पाठवतात तेही हेलिक्सच्या समूहातूनच.

४३५ मेगाहर्ट्झसाठी मापं कशी काढायची?

कागद घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. तरंगलांबी ६८.९ सेंटीमीटर. परीघ तेवढाच ठेवला तर व्यास २१.९ सेंटीमीटर. वेढ्याचा चढ १२ ते १४ अंशांत असावा. १३ अंश घेतले तर दोन वेढ्यांमधलं अंतर १५.९ सेंटीमीटर येतं, आणि एका वेढ्याला ७०.७ सेंटीमीटर तार लागते. आठ वेढ्यांची कॉइल १२७ सेंटीमीटर लांब होईल, तिला ५.७ मीटर तार लागेल. मागचा रिफ्लेक्टर, म्हणजे धातूचा पत्रा, ५२ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा.

गुंडाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तांब्याची नळी किंवा जाड तार फर्म्यावरून काढली की थोडी उलगडते आणि व्यास वाढतो. २२ सेंटीमीटर हवे असतील तर २० ते २१ सेंटीमीटरच्या डब्यावर गुंडाळा आणि काढल्यावर मोजा. आठही वेढे आधी एकमेकांना चिकटून घाला, मग दोन्ही टोकं धरून सावकाश ताणा. ताणताना व्यास किंचित कमी होतो, तेही हिशेबात धरा. मी दर १५.९ सेंटीमीटरवर खुणा केलेली पट्टी जमिनीवर ठेवतो आणि प्रत्येक वेढा त्याच्या खुणेवर आणून सोडतो.

गेन, म्हणजे एका दिशेला एकवटल्याने सिग्नलला मिळणारी वाढ, किती मिळेल?

जुन्या सूत्रांनी वरच्या आठ वेढ्यांच्या हेलिक्सला साडेचौदा डीबीआयसीच्या (सगळीकडे सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक सर्क्युलर अँटेनाच्या तुलनेतले डेसिबल, म्हणजे डीबी) आसपास गेन निघतो. तो आकडा धरून चालू नका. नंतर प्रत्यक्ष मोजमापं झाली तेव्हा गेन त्याहून बराच कमी भरला. आठ वेढ्यांना ११ ते १२ डीबीआयसी हा प्रामाणिक अंदाज आहे. झोताची रुंदी ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे हाताने रोखूनही उपग्रहाचा माग घेता येईल इतकी ऐसपैस.

वेढे वाढवत नेले तर?

गेन वाढतो, पण हात आखडून. वेढे दुप्पट केले तर ३ डीबी मिळतील असं वाटतं, प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतात, आणि कॉइल मात्र दुप्पट लांब होऊन वाऱ्यात डोलू लागते. दहा-बारा वेढ्यांच्या पुढे जाण्यापेक्षा दोन किंवा चार हेलिक्स शेजारी-शेजारी लावावेत, असं माझं मत आहे. तसं करताना सगळे एकाच दिशेने गुंडाळलेले हवेत आणि सगळ्यांच्या तारेची सुरुवात घड्याळाच्या एकाच आकड्यापाशी हवी. कारण एखादा हेलिक्स त्याच्या अक्षाभोवती जितके अंश फिरवाल, तितक्याच अंशांनी त्याची फेज सरकते. एक १८० अंश उलटा बसला तर दोन हेलिक्स समोरच्या दिशेला एकमेकांना पुसून टाकतील.

उजवा आणि डावा हेलिक्स कसा ओळखायचा?

साधा स्क्रू हातात घ्या. कॉइल त्याच्या आट्यांसारखी चढत असेल तर ती उजवी. ती उजवं सर्क्युलर ध्रुवीकरण पाठवते आणि तेच घेते. समोरून पाहा किंवा मागून, स्क्रूचे आटे बदलत नाहीत, त्यामुळे घड्याळाच्या दिशेने की उलट, कुणाच्या बाजूने पाहायचं, या गोंधळात पडण्याची गरज राहत नाही. प्रकाशशास्त्राच्या काही पुस्तकांत उजवं-डावं उलट मोजतात. रेडिओचं गणित करताना ती पुस्तकं बाजूला ठेवा.

माझा पहिला हेलिक्स डावा झाला होता. आकृती मागून काढलेली होती, मी ती समोरून समजलो. मॅच उत्तम, सोल्डरिंग स्वच्छ, आणि उपग्रह जेमतेम ऐकू येत होता. तीन आठवडे मी केबल, कनेक्टर आणि प्रीअँपवर संशय घेत राहिलो. शेवटी पेटीतला एक स्क्रू कॉइलशेजारी धरला आणि लख्ख दिसलं. तेव्हापासून फर्म्यावर पहिला वेढा घालायच्या आधी टेबलावर स्क्रू ठेवतो.

विरुद्ध बाजूचं सर्क्युलर ध्रुवीकरण तात्त्विकदृष्ट्या अजिबातच येऊ नये. व्यवहारात २० डीबी किंवा त्याहून जास्त फटका बसतो. आणि हेलिक्स कनेक्टरची अदलाबदल करून किंवा टोक उलटवून बदलत नाही, तो पुन्हाच गुंडाळावा लागतो.

समोरच्याचा अँटेना सरळ ध्रुवीकरणाचा असेल तर?

३ डीबी जातात. पण तेवढेच जातात, तो अँटेना उभा असो, आडवा असो की तिरका. फिरत राहणाऱ्या छोट्या उपग्रहाशी बोलताना हीच हेलिक्सची खरी कमाई आहे. सरळ यागीवर सिग्नल क्षणात भरून येतो, क्षणात खड्ड्यात जातो. हेलिक्सवर तो थोडा कमी पण एकसारखा राहतो, आणि एकसारख्या सिग्नलवर कॉपी नीट होते.

५० ओहमच्या केबलला हेलिक्स कसा जुळवायचा?

अ‍ॅक्सियल हेलिक्सचा इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) साधारण १४० ओहम असतो, आणि तो जवळपास शुद्ध रोधाचा असतो, हे आपलं नशीब. नुसता ५० ओहमला जोडला तर एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते सांगणारा आकडा, आदर्श १) २.८ येतो. पाव तरंगलांबीचा ८४ ओहमचा ट्रान्सफॉर्मर हा एक मार्ग. माझ्या पसंतीचा मार्ग तांब्याच्या पट्टीचा आहे.

पहिल्या पाव वेढ्यावर, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटीमीटरभर, तारेला पातळ पट्टी सोल्डर करायची. कनेक्टरपाशी पट्टी रिफ्लेक्टरच्या अगदी जवळ असते, पुढे सरकताना हळूहळू वर उचलली जाते. पत्र्याजवळची रुंद पट्टी ही एक ट्रान्समिशन लाइनच असते. २५ मिलिमीटर रुंद पट्टी पत्र्यापासून ५ मिलिमीटरवर असेल तर तिचा इम्पिडन्स ५० ओहमच्या आसपास येतो. तिथून सुरुवात करून वर जाताजाता तो चढत १४० ला पोचतो.

ट्यूनिंग करताना मीटरवर नजर ठेवून लाकडाच्या काडीने पट्टी दाबायची. बोटाने दाबली तर बोट हेच सर्किटचा भाग होतं आणि हात काढला की आकडा पळतो. मिलिमीटरभर दाबली की २.५ वरून २ वर येतं, आणखी जरा, १.६, मग एकदम १.२. तिथे काडी सोडून द्या आणि पट्टीखाली प्लॅस्टिकचा छोटा तुकडा सरकवून तिला तिथेच अडवा. हे सगळं अगदी कमी पॉवरवर करायचं. १.२ वरून १.० वर आणण्यात अर्धा दिवस घालवू नका, त्याने सिग्नलमध्ये ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.

रिफ्लेक्टर जाळीचा चालेल का?

चालेल. छिद्रं तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षा लहान हवीत. ४३५ ला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळीही पुरते, आणि वाऱ्याचा दाब कमी बसतो. जाळीच्या तारा एकमेकींना नीट जोडलेल्या असाव्यात. कनेक्टर बसतो त्या मध्यभागी मात्र पत्र्याचा तुकडा लावावा.

मधला आधार धातूचा ठेवला तर बिघडेल का?

अक्षातून जाणारी बारीक धातूची नळी फारसा त्रास देत नाही. तिच्यापासून कॉइलपर्यंत जाणारे आडवे आधार मात्र इन्सुलेटरचेच हवेत. संपूर्ण कॉइल प्लॅस्टिकच्या जाड पाइपवर गुंडाळली तर लाट आणखी मंदावते आणि काम करण्याची फ्रिक्वेन्सी खाली सरकते. ओलं लाकूड वापरू नका.

१४५ मेगाहर्ट्झवर हेलिक्स कुणी का लावत नाही?

मापं काढून बघा: व्यास ६५ सेंटीमीटर, आठ वेढ्यांची लांबी पावणेचार मीटर, रिफ्लेक्टर दीड मीटरचा. हे धूड रोटेटरवर फिरवण्यापेक्षा क्रॉस यागी (काटकोनात बसवलेले दोन यागी) बरा. त्यात रिले टाकून उजवं-डावंही बदलता येतं.

२.४ गिगाहर्ट्झवर डिशच्या फीडसाठी, म्हणजे डिशच्या समोर केंद्रबिंदूवर बसणाऱ्या छोट्या अँटेनासाठी, हेलिक्स चालतो ना?

अगदी छान चालतो. तिथे व्यास जेमतेम ४ सेंटीमीटर आणि वेढ्यांतलं अंतर २.९ सेंटीमीटर होतं. सगळा फीड मुठीत मावतो. हॅमच्या एओ-४० उपग्रहाच्या काळात कितीतरी हॅमनी या बँडचा पहिला अँटेना म्हणून हेलिक्सच गुंडाळला. आज क्यूओ-१०० या उपग्रहाकडे २४०० मेगाहर्ट्झवर अपलिंक करताना (सिग्नल वर पाठवताना) तोच कामाला येतो.

इथे एक सापळा आहे. लहर डिशवर आपटून परतते तेव्हा तिचं उजव्याचं डावं होतं. क्यूओ-१०० ला उजवं ध्रुवीकरण लागतं, म्हणून डिशमधला फीड डावा गुंडाळायचा. डिश काढून तोच हेलिक्स थेट आकाशाकडे रोखला तर तो चुकीचा ठरेल. चंद्रावरून परतणाऱ्या सिग्नलचंही असंच उलटतं. त्यामुळे चंद्रावर सिग्नल आपटवून संपर्क करताना एकच हेलिक्स पाठवायला आणि घ्यायला दोन्हीला चालत नाही.

डिश जितकी खोल तितका झोत रुंद हवा, म्हणजे वेढे कमी. तीन वेढ्यांना साधारण ६२ अंश मिळतात, पाच वेढ्यांना ४८.

परीघ दोन तरंगलांबींएवढा केला तर काय होतं?

मुख्य झोत अक्षावरून फुटतो आणि शंकूच्या आकारात बाजूला पसरतो. मधोमध, जिथे आपण रोखतो तिथेच खड्डा पडतो. हॅमच्या कामात या शंकू मोडचा उपयोग क्वचितच होतो. पण कमी बँडसाठी बनवलेला हेलिक्स दुप्पट फ्रिक्वेन्सीवर वापरून पाहिला आणि समोरून काहीच आलं नाही, तर कारण हे असतं.

हवामान उपग्रहांसाठी वापरतात तो क्वाड्रिफायलर हेलिक्स यातलाच का?

नाव तेच, वागणं वेगळं. त्यात चार तारा असतात, त्यांना एकामागोमाग ९० अंशांच्या फरकाने फीड मिळतो, आणि सगळं आकाश व्यापणारा रुंद, सर्क्युलर पॅटर्न तयार होतो. १३७ मेगाहर्ट्झवर न फिरवता चित्रं घ्यायला तो उत्तम. त्याला स्क्रूचा नियम लावू नका. वरून फीड दिलेल्या प्रचलित रचनेत उजव्या ध्रुवीकरणासाठी तारा डाव्या वळणाने न्याव्या लागतात.

माझा हेलिक्स खरोखर अ‍ॅक्सियल मोडमध्ये चाललाय, हे कसं तपासू?

एसडब्ल्यूआरवरून नाही. डमी लोडचाही (सगळी पॉवर उष्णतेत घालवणाऱ्या रोधाचाही) एसडब्ल्यूआर सुरेख असतो. मित्राला हँडहेल्ड आणि साधा डायपोल देऊन मोकळ्या मैदानात वीस-तीस मीटर लांब उभं करा. त्याने कमी पॉवरवर कॅरिअर (आवाजाविना नुसती लहर) द्यावा आणि डायपोलचं टोक नव्हे, लांब बाजू तुमच्याकडे ठेवून तो घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरवावा. तुमच्या एस मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) काटा जवळपास जागचा हलला नाही, तर ध्रुवीकरण गोल आहे. आठ वेढ्यांच्या चांगल्या हेलिक्समध्ये हा फरक कागदावर अर्धा डीबी येतो. जमिनीवरच्या परावर्तनांमुळे मैदानात एक-दोन डीबी दिसला तरी हरकत नाही. मग मित्राला जागेवरच राहू द्या आणि हेलिक्स डावीकडे-उजवीकडे वळवा. सुमारे १९ अंशांवर सिग्नल अर्धा, म्हणजे ३ डीबीने कमी झाला पाहिजे. तसा झाला तर अँटेना उचला आणि पुढच्या पासची (उपग्रह आकाशातून जाण्याची) वेळ बघा.